वाकडा कोपर

चिखली, रविवार, ११ ऑक्टोबर १९६४

अकोल्याहून परत आलो. एस.टी.त खिडकीशी बसलो होतो. कुणी बोलायला आलं की डोळे मिटून घेत होतो.

लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल. निवडीचा सामना होता. माझी तिसरी ओव्हर. एक गडी आधीच घेतला होता. स्क्वेअर लेगला नारायणराव पंच, पांढरा कोट, हात पाठीमागे. चेंडू हातातून सुटला आणि तो ओरडला, "नो-बॉल!" मला वाटलं पाय पुढे पडला असेल. पण पाय बघायचं काम समोरच्या पंचाचं असतं, बाजूच्याचं नाही. पुढचाही नो-बॉल. त्याच्या पुढचाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला. हा माणूस म्हणतोय की मी चेंडू टाकत नाही, फेकतो. दगड फेकावा तसा.

चार हंगाम मी आमच्या भागाच्या संघात आहे. पाचव्या नंबरावर फलंदाजी आणि ऑफ-स्पिन गोलंदाजी. पेपरवाले 'अष्टपैलू हिवाळे' लिहितात. चार हंगामांत एकाही पंचाला माझ्या हातात काही दिसलं नाही. यंदा वरून हुकूम आलाय म्हणे, फेकी गोलंदाज पकडा. पकडायला सापडलो मी.

आणि आमचा कप्तान हिंमतराव. मेहकरकडच्या पाटलाचा मुलगा, औरंगाबादला कॉलेजांच्या सामन्यांत एकमेकांविरुद्ध खेळलोय, तेव्हापासूनची ओळख. पंचाला एक शब्द बोलला नाही. माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "इंद्रभान, भांडू नको बे. उरलेले खालून टाक."

खालून! पोरं गोट्या खेळतात तसे चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडले मी. लोक हसले. "फेकू मास्तर, फेकू मास्तर" असा गलका झाला. मी पुढे त्रेसष्ट धावा केल्या, त्या कुणाला आठवत नसतील.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

शाळेत शिक्षकांच्या खोलीत शिरलो तर सगळे एकदम हवापाण्यावर बोलायला लागले. पेपरात आलंय तर.

या वहीत खोटं लिहायचं नाही, असं ठरवलंय. म्हणून लिहितो. घरी आल्यावर आरशासमोर शर्ट काढून उभा राहिलो. उजवा हात वर नेला, गोलंदाजी करतो तसा फिरवला. हात वाकडा आहे. कोपरातून पूर्ण सरळ होतच नाही. सात वर्षांचा असताना बैलगाडीवरून पडलो, हाड वाकडं बसलं. नियम मला पाठ आहे: हात आधीपासून वाकडा असला तर हरकत नाही, पण चेंडू सोडताना वाकडा हात सरळ केला तर ती फेक. माझा सरळ होणार कुठून? तरी आरशासमोर मनात आलंच. रागात असलो की एखादा चेंडू जोरात सोडतो, तेव्हा थोडासा, अगदी थोडासा...

नाही. होत नाही. मी दारात हात घालून जोर लावून पाहिला. होत नाही.

शनिवार, १७ ऑक्टोबर

चांगुणाशी भांडलो. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीवर तिच्याकडे इलाज असतो. म्हणाली, "बुलढाण्याले जाऊन कोपराचा एक्स-रे काढून घ्या. डाक्टर लिहून देतील का हा सांधा सरळ होत नाही. मंग कोण काय बोलन?"

"मी काय म्हशीसारखं बाजारात दात दाखवत फिरू?"

"दात नाही, हाड," ती म्हणाली.

मी ताट सरकवलं. ज्याला खेळ येतो त्यानं आपलं हाड काढून दाखवायचं, आणि ज्याला नीट दिसत नाही त्यानं कोट घालून उभं राहायचं. हा कुठला न्याय?

उंद्री, शुक्रवार, ६ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. दोघंही गावी आलो. बा आता साठीला आला असेल, पण शेतात अजून माझ्यापेक्षा जास्त राबतो. माय गेल्यापासून बोलणं आणखी कमी झालंय. आधीच फार नव्हतं.

गावात बातमी पोचलेली होती. बानं मात्र तोंडातून अक्षर काढलं नाही. बारा-तेरा वर्षं मी खेळतोय. मी चिखलीला खेळलो, खामगावला खेळलो, गाडीभाडं पाठवलं, माणूस पाठवला. बा एकदाही आला नाही. नेहमी काहीतरी काम निघायचं. लहानपणी अंगणात चेंडू टाकायला लागलो की उठून गोठ्यात जायचा. त्याच्या लेखी हा रिकामटेकड्यांचा धंदा.

आज मी बोललोच. "बा, पोराचं नाव पेपरात आलं तवा तू पाह्यलं नाहीस. आता थुंकून राह्यले लोक, आता तरी काही बोल."

बा माझ्या हाताकडे बघत होता. मग टोपी उचलली आणि शेताकडे निघून गेला. भरल्या दुपारी. काही काम नव्हतं शेतात.

शनिवार, ७ नोव्हेंबर

वही गुडघ्यावर धरून लिहितोय. ओळी वाकड्या येतील.

सकाळी चांगुणानं बाला चहा दिला आणि नर्स विचारते तसं सरळ विचारलं, "मामाजी, हे पडले तवा हाड कोणं बसवलं व्हतं?"

मी म्हणालो, "शेजारच्या गावच्या वैद्यानं. सगळ्यांचे हातपाय तोच बसवायचा."

बा म्हणाला, "नाही. म्या बसवलं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली; मला तर त्या दिवसाचं दुखण्यापलीकडे काही आठवत नाही. बा बशीकडे बघत बोलत राहिला. मधे थांबला नाही, जणू कैक वर्षं पाठ करून ठेवलं होतं.

"तुले खांद्यावर घालून नेलं. तो वैद्य ओट्यावर बसला व्हता. मले म्हणे, अंगणाच्या भाईरच थांब. पोराले वर आणू नको. त्यानं तुले हात लावला नाही. आपल्याले हात लावत नव्हते तवा. तिथूनच सांगत गेला. बांबूच्या खपच्या फेकल्या माह्याकडं. म्हणे, हात धर. ओढ. अजून ओढ. आता बांध. कस. तू वरडत व्हतास. म्या इचारलं, मालक, सरळ झाला का? जरा येऊन पाहा. तर म्हणे, इथून दिसते मले. सरळ हाय. जाय आता."

चांगुणानं पदर तोंडाशी धरला.

"सरळ नव्हता," बा म्हणाला. "खपच्या सोडल्या तवा समजलं. पण म्याच बांधला ना. माह्या या हातानं."

मी काय बोलायला हवं होतं? मी बोललो ते लिहितो, कारण खोटं लिहायचं नाही. मी म्हणालो, "इतकी वर्षं सांगितलं काऊन नाहीस?" आणि ओरडून म्हणालो. बा उठून गेला. मला त्याचा राग नव्हता. राग कुणाचा होता ते त्याला कसं कळणार? मी तर त्याच्यावरच ओरडत होतो.

चांगुणा म्हणाली, "ते तुमची बोलिंग पाह्यत नव्हते का हात पाह्यत नव्हते?"

मला ते त्या वेळी समजलं नाही. आता लिहिताना थोडं समजतंय.

सोमवार, ९ नोव्हेंबर

वैद्याच्या गावी जाऊन आलो. सायकलनं. कशासाठी गेलो ते मलाही माहीत नव्हतं. कदाचित त्याच्या ओट्यावर चढायचं होतं.

म्हातारा दहा वर्षांमागे मेला. त्याचा मुलगा आता हाडं बसवतो. ओट्यावर सतरंजी, भिंतीला आरसा. मला पाहून "या मास्तर, बसा" म्हणाला. आतून चहा आला. कप सगळ्यांचे तेच. छप्पन सालानंतर, आम्ही दीक्षा घेतल्यानंतर, पुष्कळ लोक बदलले. की नुसते बदललेले दिसतात, काय माहीत. मी चहा घेतला नाही.

मी बाही वर केली. त्यानं माझा कोपर दोन्ही हातांत धरला, अंगठ्यानं चाचपला, वाकवला, ताणला. चांगला जाणकार माणूस असावा. मग हसला आणि म्हणाला, "अरारा! हे कोण्या अडाण्यानं बांधलं हो?"

मी हात काढून घेतला.

"माह्या बापानं," मी म्हणालो. "तुमच्या बापाच्या सांगण्यावरून. तुमचा बाप इथं बसला व्हता. माहा बाप तिकडं उभा व्हता, अंगणाच्या भाईर, त्या चुलाणाजवळ. मी त्याच्या हातात व्हतो."

त्याचा चेहरा पडला. "मास्तर, तो जमाना..." असं काहीतरी सुरू केलं. मी ओट्यावरून उतरलो. मागून तो म्हणत होता की आता काही करता येणार नाही, हाड जुनं झालं. ते मला विचारायचंच नव्हतं.

परत येताना सायकल हातात धरून चालत आलो.

चिखली, शुक्रवार, २० नोव्हेंबर

चांगुणाबरोबर बुलढाण्याला जाऊन एक्स-रे काढला. आता लाज वाटली नाही. उजेडात फिल्म धरून डॉक्टरांनी दाखवलं, सांध्यात हाडाचा खुंटा वाढलाय. दार अर्धवट उघडतं आणि पाचर लागते, तसं. पुढं जाणं शक्यच नाही. तसं त्यांनी लिहूनही दिलं.

म्हणजे आरशासमोरची माझी शंका खोटी होती. स्वतःवरच संशय घ्यायला लावला या लोकांनी.

रविवार, ६ डिसेंबर

आज निवड समितीपुढे गेलो. अध्यक्ष महादेवरावांनी डॉक्टरांचा कागद वाचला, चष्मा काढला, पुसला. "तुमच्याबद्दल सहानुभूती आहे हिवाळे. पण मैदानात पंचाला जे दिसतं तेच खरं."

"मग पंचाला जवळ येऊन बघायला सांगा."

"पंचांना आम्ही शिकवायचं?"

शेवटी निकाल असा: संघात राहा, पण नुसता फलंदाज म्हणून. चेंडूला हात लावायचा नाही. हे वर उपकार म्हणून सांगितलं. मी विचारलं, "एका पायावर चाला म्हटलं तर चालाल?" महादेवरावांनी पुढच्या खेळाडूला आत बोलावलं.

हिंमतराव कोपऱ्यात बसून होता. मान खाली. मी आत असेपर्यंत त्याच्या तोंडातून ब्र निघाला नाही. दारातून बाहेर पडताना मी त्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "पाटील, तुमच्या बापाची जहागीर सांभाळा." तो उठला नाही.

शुक्रवार, २५ डिसेंबर

खामगावच्या सामन्यासाठी संघ जाहीर झाला. मी आहे, फलंदाज म्हणून. हिंमतराव कप्तान नाही. संघातच नाही. मी गेल्यावर त्या दिवशी समितीशी कडाक्याचं भांडण केलं म्हणे, टेबलावर हात आपटून बाहेर पडला. कुणा खेळाडूवरून वाद झाला असं लोक सांगतात. आपला भाचा घुसवायचा असेल. पाटलाच्या पोराला 'नाही' ऐकायची सवय नसते.

बरं झालं. गेला.

चांगुणाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांचा भाचा किरकेट खेळते?"

मला काय माहीत?

खामगाव, सोमवार, ११ जानेवारी १९६५

आज काय झालं ते नीट, क्रमानं लिहायला हवं.

तीन दिवसांचा सामना, काथ्याच्या म्याटवर. पहिल्या डावात मी एक्याऐंशी केल्या. एवढा रागात कधी खेळलो नव्हतो. इथंही पंच नारायणरावच; दर चेंडू त्याच्या अंगावर जावा असं वाटत होतं. दोनदा गेलाही. उडी मारून बाजूला झाला.

आज सकाळी सीमेकडे पाहिलं तर कडुलिंबाखाली बा. एकटाच, लोकांपासून दूर, फेटा नवा. पहाटेच्या गाडीनं आला असणार. मी बोलावलं नव्हतं. नंतर कळलं, चांगुणानं उंद्रीला जाऊन आणलं; ती बायकांत बसली होती. रजा काढून.

दुपारनंतर सामना अडकला. समोरच्या संघाची शेवटची जोडी हलेना. आमच्या एका गोलंदाजाचं बोट फाटलं, दुसऱ्याला खांदा उचलता येईना. मी नव्या कप्तानाकडे जाऊन म्हणालो, "मला द्या." तो नाही म्हणाला. पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो कंटाळून म्हणाला, "तुमच्या जबाबदारीवर घ्या."

मी मुद्दाम ते टोक मागितलं, जिथून नारायणराव स्क्वेअर लेगला येतो.

पहिला चेंडू. "नो-बॉल!" दुसरा. "नो-बॉल!"

मी बाही खांद्यापर्यंत सारली आणि सरळ त्याच्याकडे चालत गेलो. "नारायणराव, हात लावा. धरा हा कोपर आणि सरळ करून दाखवा. झाला तर जन्मात चेंडू धरणार नाही."

"जागेवर जा."

"हात लावून पाहा. एकदा."

त्यानं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. "इथून दिसतं मला," तो म्हणाला.

तेच शब्द. त्याला काय ठाऊक की तो काय बोलला? पण माझ्या कानात एकदम अंगण आलं, ओटा आला. मी त्याला मारलं असतं. खरंच मारलं असतं. बा लिंबाखाली उभा राहिलेला दिसला म्हणून नाही मारलं.

मागे गेलो आणि टाकायला लागलो. नो-बॉल. टाकला. नो-बॉल. टाकला. कप्तान ओरडत होता, "हिवाळे, खालून टाका!" मी नाही टाकला खालून. वरूनच, हात पूर्ण फिरवून, प्रत्येक चेंडू जागेवर. नो-बॉल झाला की ओव्हर पुढे सरकत नाही. त्या ओव्हरला शेवटच नव्हता. समोरच्याला फुकटच्या धावा मिळत होत्या, आमच्याच संघाचं नुकसान होत होतं. ते मला कळत होतं. मला पर्वा नव्हती. आमचेच लोक मला शिव्या देत होते.

आधी लोक हसत होते. फेकू, फेकू. मग हसणं थांबलं. नारायणरावाचा आवाज बसायला लागला. सगळं मैदान गप्प, नुसता माझ्या पायांचा आवाज आणि त्याचं "नो-बॉल". एकदा तो ओरडला ते मला अर्धवटच ऐकू आलं. मग एक चेंडू गेला आणि तो काहीच बोलला नाही.

मी थांबून त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

पुढचा टाकला. गप्प. त्याच्या पुढचा. गप्प. तोच हात, तोच चेंडू. सहा चेंडू झाले आणि समोरचा पंच "ओव्हर" म्हणाला.

गडी मिळाला नाही. सामना अनिर्णित राहिला. कप्तानानं पुन्हा चेंडू दिला नाही. मी मैदानातून बाहेर आलो.

बा वाटेत उभा होता. माझा हात तो मनगटापासून वर चाचपत गेला आणि कोपरावर थांबला. "दुखते का?" त्यानं विचारलं.

"नाही बा."

"तवा लय दुखलं असन," तो म्हणाला.

चिखली, रविवार, २४ जानेवारी

समितीचा निरोप घेऊन माणूस आला. पंचांचा अपमान, कप्तानाची अवज्ञा. लेखी माफी दिली तर पुढच्या हंगामात फलंदाज म्हणून विचार करू. नाही दिली तर भागाच्या संघाचे दरवाजे कायमचे बंद. आठ दिवसांची मुदत.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. अजून सात-आठ हंगाम खेळू शकतो. याच्या वरचा संघ नाही, पण हा तरी आहे. नाहीतर काय, तालुक्याच्या गावी रविवारी शिक्षक आणि दुकानदारांबरोबर?

दोनदा लिहायला बसलो. 'माझ्या हातून घडलेल्या वर्तनाबद्दल' इथपर्यंत आलो. 'हातून' हा शब्द लिहिला आणि फाडून टाकलं.

शनिवार, ३० जानेवारी

हिंमतराव आला होता. जीप दाराशी उभी करून थेट आत. चांगुणाला म्हणाला, "वहिनी, चहा टाका, चिनी जास्त." मी बस म्हणालो नाही, तरी बसला.

मेहकरचा संघ काढतोय म्हणे. नवी म्याट घेतली. "उद्या ये. पाचव्या नंबरावर ब्याट कर आणि दोन्हीकडून बॉल टाक. अंपायर माहा राहीन असं नाही, पण कोनी वरडला तर मी त्याच्याजवय जाईन. तुह्याजवय नाही."

"अकोल्याले काऊन नाही गेलास त्याच्याजवय?" मी विचारलं.

त्यानं कप खाली ठेवला. "भेलो," म्हणाला. "कप्तानी जाईन म्हणून भेलो."

"आन् तरी गेलीच. कोनासाठी भांडलास एवढा? भाच्यासाठी?"

"कोनता भाचा बे?" तो म्हणाला. मग चांगुणाकडे बघून हसला, आणि जीप घेऊन निघून गेला. गरज पडली की बरी आठवण येते यांना. चांगुणा मला म्हणाली, "तुमाले वर्गात पोरं कसे शिकवाले देतात, मले समजत नाही." तिला कसला राग आला कोण जाणे.

रविवार, ३१ जानेवारी

मुदत उद्या संपते. बा कालपासून आमच्याकडे आहे. सकाळी मी पुन्हा कागद घेऊन बसलो. चांगुणा म्हणाली, "तुमचं तुमी ठरवा, मी आड येत नाही." बा दाराशी बसून तंबाखू मळत होता. त्याला वाचता येत नाही, पण मी काय लिहितोय ते त्याला माहीत होतं.

"काय म्हणते ते?" त्यानं विचारलं.

"माफी लिहून द्या म्हणते. मंग खेळू देतो."

"कोन, तो खिशात हात घालणारा?"

"तो आन् त्याच्यावरचे."

बानं तंबाखू खाली ठेवली. मी त्याला इतकं मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शेजारची बाई दारात आली.

"लिहू नको," तो म्हणाला. "म्या एक डाव दुरून सांगतलेलं आयकलं. तू आयकू नको."

मी कागद घडी करून चुलीत टाकला. राग तसाच आहे, कमी झालेला नाही. साडेनऊच्या मेहकर गाडीला आम्ही तिघं निघालो आहोत, चांगुणा वाट पाहतेय, बा केव्हाचा चपला घालून उभा आहे. हिंमतरावाला सांगायचंय, पहिली ओव्हर मला हवी.